पेशी मोठ्या निघाल्या म्हणून गोळी सोडू नका

मागच्या आषाढात आजऱ्याहून पुतण्याचा फोन आला. "नाना, जयभीम. आप्पांच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय. पेशी कमी झाल्यात, आणि हाईत त्या मोठ्या झाल्यात म्हणे. शेजारचे सांगायला लागलेत, पेशी कमी असताना रक्त पातळ करायची गोळी खाल्ली तर नाकातोंडातनं रक्त येतंय. बंद करू काय?"

आप्पा म्हणजे आमचे थोरले चुलत बंधू. लोअर परळच्या एका गिरणीत ते साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा त्यांनी नुकतीच पंचविशी गाठली होती. पुढच्या वर्षी ट्रंक घेऊन ते आजऱ्याला परतले ते कायमचेच. थोडी शेती, मिळेल ती मजुरी, असे करीत त्यांनी संसार ओढला. आता वय अडुसष्ट, मधुमेहाला बारा वर्षे झाली. फेब्रुवारीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला, कोल्हापुरात अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, आणि घरी येताना दोन गोळ्या सोबत आल्या. एक अ‍ॅस्पिरिनची, दुसरी क्लोपिडोग्रेलची. वर्षभर दोन्ही, पुढे एक जन्मभर, असे कागदावर लिहून दिलेले होते.

पुतण्याने रिपोर्टचा फोटो पाठवला. प्लेटलेटची संख्या १ लाख ३८ हजार. खाली 'एमपीव्ही' अशी एक ओळ, तिच्यासमोर १२.९ हा आकडा आणि त्याच्या शेजारी ठळक 'एच', म्हणजे जास्त.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण शहरात राहणारा, चार अक्षरे अधिक शिकलेला नातेवाईक म्हणून गावाकडे आमच्या शब्दाला वजन आहे. त्या वजनानेच त्या दिवशी घात केला. आम्ही सांगून टाकले की, दोन दिवस थांबवा, आम्ही इथे चौकशी करून कळवतो. चौकशी राहून गेली. कामाची गडबड होती, घरात पाहुणे होते; खरे सांगायचे तर विसर पडला. आठव्या दिवशी रात्री दहाच्या सुमारास वहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यांच्या छातीत जड झालंय, घाम सुटलाय. गोळ्या तुमी थांबवा म्हणालासा, तवापास्नं न्हाईत."

वाचक बंधू-भगिनींनो, ते वाक्य आमच्या कानातून अजून जात नाही. १०८ ची गाडी आली, आजऱ्यातच पहिला ईसीजी निघाला, आणि पावसात दोन तासांहून अधिक प्रवास करून आप्पा कोल्हापूरला पोहोचले. सुदैवाने झटका नव्हता. पण सकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या?" तेव्हा पुतण्या आमच्याकडे बघू लागला, आणि आम्ही जमिनीकडे.

बाईंनी रागावण्याऐवजी समोर बसवून समजावून सांगितले. पुढे आम्ही स्वतःही वाचले, जाणकारांना विचारले. त्यातूनच हा लेख लिहीत आहोत, कारण आप्पांच्या रिपोर्टसारखे रिपोर्ट आज आपल्या घराघरांत येतात, आणि आमच्यासारखे सल्लागारही घराघरांत असतात.

पांढऱ्या पेशी नव्हेत

आधी नावाचा घोटाळा दूर करू. डेंग्यूचा ताप आला की आपल्याकडे सर्रास म्हणतात, "पांढऱ्या पेशी कमी झाल्या." डॉक्टर ज्या मोजत असतात त्या बहुतेक वेळा पांढऱ्या पेशी नसतात, त्या असतात प्लेटलेट. शाळेच्या पुस्तकात यांना रक्तबिंबिका म्हणतात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. रक्तबिंबिकांचे काम वेगळे. रक्तवाहिनीला चीर पडली की त्या तिथे धावतात, भिंतीला चिकटतात, एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. विळा लागून बोट कापले आणि पाच मिनिटांत रक्त थांबले, ते यांच्यामुळे.

१८८२ साली इटलीतील तुरीनच्या जुलिओ बिझोझेरो या शास्त्रज्ञाने त्यांचे हे काम नीट ओळखले. हाडांच्या मगजात मोठाल्या पेशी असतात, त्यांचे तुकडे सुटून प्लेटलेट तयार होतात. एका मोठ्या पेशीपासून हजारो. शरीरात दररोज सुमारे दहा हजार कोटी नव्या तयार होतात आणि तितक्याच जुन्या मोडीत निघतात. एकीचे आयुष्य सात ते दहा दिवस. एका घनमिलिमीटर रक्तात दीड लाख ते साडेचार लाख असल्या म्हणजे संख्या ठीक. आकार इतका लहान की एका मिलिमीटरच्या रेषेत सुमारे चारशे मावतील.

आजरा भागात हा शब्द आता नवा राहिलेला नाही. पावसाळ्यात डेंग्यू असतोच. घाटाखाली दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली, त्यातही प्लेटलेट कमी होतात. त्यामुळे 'पेशी कमी' म्हटले की माणसे घाबरतात, पपईच्या पानांचा रस काढतात, परवडत नसताना किवीची फळे आणतात. ही भीती तापाच्या बाबतीत योग्यच आहे. पण तीच भीती स्टेंट बसवलेल्या माणसाला लावली की आप्पांसारखे होते.

काजूचा ढीग

आता तो एमपीव्ही. हे इंग्रजी नावाचे लघुरूप आहे. अर्थ इतकाच की, रक्तातील प्लेटलेटचा सरासरी आकार. तो फेम्टोलिटर या मापात मोजतात. एका लिटरचे हजार भाग करा, त्यातील एकाचे पुन्हा हजार, असे पाच वेळा केले की एक फेम्टोलिटर उरतो. प्लेटलेट साधारण साडेसात ते साडेअकरा फेम्टोलिटरच्या असतात. तुलनेसाठी सांगायचे तर तांबडी पेशी ८० ते १०० फेम्टोलिटरची, म्हणजे दहापट.

वहिनी काही वर्षे काजूच्या कारखान्यात गर निवडायला जात. त्यांना हे आमच्याआधी समजले. काजूगर आकारावरून लावतात. १८० नंबरचा गर सर्वांत मोठा, मग २१०, २४०, ३२०. एका पौंडात किती गर बसतात त्यावरून हा नंबर पडतो, म्हणून आकडा जितका लहान तितका गर मोठा. एमपीव्हीमध्ये उलटे आहे, आकडा मोठा तर प्लेटलेट मोठी. पण गोष्ट तीच. वहिनी म्हणाल्या, "म्हंजे ढिगातनं मूठभर घिऊन सरासरी काढायची. पण भावजी, ढिगात दोन-चार थोराड गर पडलं तरी सरासरी वर जातीया की." अगदी बरोबर. सरासरीवरून ढिगातील प्रत्येक गर कळत नाही.

तरीही आकाराला अर्थ आहेच. मगजातून नुकतीच बाहेर पडलेली प्लेटलेट सहसा आकाराने मोठी असते. मोठ्या प्लेटलेटच्या पोटात रसायनांच्या पिशव्या जास्त असतात, पृष्ठभागावर चिकटण्याच्या जागा जास्त असतात, आणि इतर प्लेटलेटना "या, या" म्हणून बोलावणारे थ्रॉम्बॉक्सेन नावाचे द्रव्य ती जास्त तयार करते. म्हणजे ती अधिक कामसू असते. जखमेच्या जागी हे चांगले. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत आधीच चरबीचा थर बसलेला असेल आणि तो फुटला, तर त्याच कामसूपणाने गुठळी होते आणि झटका येतो.

१९९१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वेल्समधील, एकदा झटका येऊन गेलेल्या सतराशेहून अधिक पुरुषांच्या प्लेटलेटचा आकार मोजून पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवले होते. ज्यांना पुन्हा झटका आला किंवा जे दगावले, त्यांच्या प्लेटलेट सरासरीने मोठ्या होत्या. नंतरच्या अनेक अभ्यासांतही झटक्याच्या रुग्णांत आणि मधुमेह असणाऱ्यांत हा आकडा सरासरीने थोडा जास्तच आढळला.

म्हणजे शेजाऱ्यांनी जे सांगितले, आणि ज्याला आम्ही मान डोलावली, त्याच्या अगदी उलट गोष्ट होती. मोठ्या प्लेटलेट म्हणजे रक्त वाहण्याची भीती नव्हे. आप्पांसारख्या माणसात त्याचा अर्थ निघालाच तर तो गुठळीच्या बाजूने निघतो. गोळी सोडण्याचे ते कारण होऊच शकत नव्हते.

मोठी म्हणजे नेहमी जोरकस, असेही नाही. १९४८ साली फ्रान्समधील बर्नार्ड आणि सुलिए या डॉक्टरांनी एक आनुवंशिक रोग वर्णन केला, त्यात प्लेटलेट अवाढव्य असतात आणि तरीही रक्त थांबत नाही, कारण भिंतीला चिकटण्याची कडीच त्यांच्यावर नसते. त्याच्या आधी १९१८ साली ग्लान्झमान यांनी वर्णन केलेल्या रोगात आकार ठीक, संख्या ठीक, पण प्लेटलेट एकमेकींना धरीत नाहीत. लहान मुलाच्या हिरड्यांतून वा नाकातून वारंवार रक्त, मुलीला पाळी सुरू होताच अतिरक्तस्राव, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग, अशी लक्षणे दिसतात. आईवडील दोघांकडून दोष आला तरच हे रोग सहसा होतात, म्हणून नात्यात लग्ने होतात तिथे ते जास्त सापडतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अजून गेलेली नाही, तेव्हा हे ध्यानात असावे. अशा रक्तस्रावाच्या रोगांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था, राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था, मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्याच आवारात आहे. आप्पा हसून म्हणाले, "गिरणीच्या दारात होती की, कधी म्हाईतच न्हवतं."

आणखी एक गंमत. बंगाल आणि ईशान्य भारतातील कितीतरी निरोगी माणसांच्या प्लेटलेट जन्मतःच मोठ्या आणि संख्येने कमी असतात. त्यांना काहीही होत नाही. रक्तदान करायला गेल्यावरच ते कळते.

जांभळे टोपण

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला तो असा, "रक्त कुठे काढले, आणि तपासले किती वाजता?"

रक्त आजऱ्यात सकाळी आठला काढले होते. नमुने गोळा करणारा मुलगा दुपारी ते घेऊन गेला, आणि तपासणी झाली संध्याकाळी दुसऱ्या गावी. तक्रार म्हणून हे सांगत नाही. लहान गावात असेच चालते आणि साखर, हिमोग्लोबिन अशा पुष्कळ तपासण्यांना योग्य काळजी घेतली तर त्याने बिघडतही नाही. पण प्लेटलेटच्या आकाराचे तसे नाही.

या तपासणीचे रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. रक्त गोठू नये म्हणून नळीत ईडीटीए नावाचे रसायन असते. या रसायनात प्लेटलेट हळूहळू फुगतात. मूळची चपटी चकती गोल होत जाते, आणि पहिल्या एक-दोन तासांतच यंत्रावर आकार वाढलेला दिसतो. एकच रक्त सकाळी नऊला तपासले आणि संध्याकाळी सहाला तपासले तर एमपीव्ही वेगळा येईल. त्यात प्रत्येक कंपनीच्या यंत्राची मोजण्याची रीत वेगळी, त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून "वाढला" वा "उतरला" म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट संख्येची. काही थोड्या माणसांच्या प्लेटलेट या ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. यंत्र गठ्ठ्याला एक समजते, किंवा तांबडी पेशी समजून सोडून देते. संख्या कागदावर कमी होते, शरीरात नाही. फार मोठ्या प्लेटलेटही यंत्राच्या मापाबाहेर गेल्याने अशाच गळतात. यावर उपाय जुनाच आहे. काचेवर रक्ताचा थेंब पसरून माणसाने सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी पाहायचे, आणि लागल्यास निळ्या टोपणाच्या, सायट्रेट घातलेल्या नळीत पुन्हा रक्त घ्यायचे. बाईंनी दोन्ही केले. काचेवर गठ्ठे दिसले. निळ्या नळीतील संख्या भरली १ लाख ७२ हजार. म्हणजे ज्या कमतरतेपायी आठ दिवस गोळ्या बंद राहिल्या, ती कमतरता मुळात नव्हतीच.

आणि असती तरी? १ लाख ३८ हजाराला स्टेंटच्या रुग्णाच्या गोळ्या कुणी डॉक्टर बंद करीत नाहीत. संख्या पुष्कळ घसरून पन्नास हजारांच्या आसपास आली, किंवा रक्तस्राव दिसू लागला, की ते फेरविचार करतात, आणि तो निर्णय हृदयाचे डॉक्टर घेतात. फोनवरचा नाना नव्हे.

गोळी करते काय

'रक्त पातळ करायची गोळी' हे नावच फसवे आहे. ऐकणाऱ्याला वाटते, ताकात पाणी घालावे तसे रक्त पातळ होत असावे. तसे काही होत नाही. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटचा चिकटपणा मोडते, एवढेच.

त्याची कथा मोठी मौजेची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लॉरेन्स क्रेव्हन नावाचे साधे प्रॅक्टिस करणारे डॉक्टर होते. टॉन्सिल काढलेल्या रुग्णांना ते दुखणे थांबावे म्हणून अ‍ॅस्पिरिन घातलेले च्युइंगगम देत. जे ते जास्त चघळत त्यांच्या घशातून रक्त जास्त येई. क्रेव्हन यांनी उलटा विचार केला. ज्याने रक्त थांबत नाही, त्याने नको असलेली गुठळीही थांबेल काय? १९५० पासून त्यांनी त्यावर लेख लिहिले, पण लहान गावच्या डॉक्टरचे कुणी मनावर घेतले नाही. १९७१ मध्ये ब्रिटनमधील जॉन वेन यांनी अ‍ॅस्पिरिन शरीरात नेमके काय अडवते ते दाखवले. त्यांना नोबेल मिळाले १९८२ मध्ये, म्हणजे आप्पांचा साचा बंद पडला त्याच साली. आणि १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांवरच्या एका प्रचंड चाचणीने सिद्ध केले की, झटका आल्याबरोबर अ‍ॅस्पिरिन सुरू करून महिनाभर दिली तर पहिल्या पाच आठवड्यांतील मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतात. चार आण्याच्या गोळीने एवढे काम केले.

प्लेटलेटला केंद्रक नसते, म्हणून बिघडलेला भाग तिला नवा करता येत नाही. अ‍ॅस्पिरिन तिच्यातले थ्रॉम्बॉक्सेन बनवणारे यंत्र एकदा मोडते, ते तिच्या मरणापर्यंत मोडलेलेच राहते. औषध स्वतः रक्तात तासभरही धड टिकत नाही, पण परिणाम आठवडाभर पुरतो. रोज मात्र दहातील एक प्लेटलेट नवी येते, जिला गोळी लागलेली नाही. म्हणून गोळी रोज घ्यायची. दोन-तीन दिवस चुकवली की चांगल्या संख्येने नव्या, मोठ्या, कामसू प्लेटलेट फिरू लागतात. आठ दिवसांत तर बहुतेक सगळा घाणाच बदलला. मधुमेह असणाऱ्यांत ही उलाढाल आणखी वेगाने होते, आणि आप्पांना मधुमेह आहे. हे ऐकताना आमच्या अंगावर काटा आला.

क्लोपिडोग्रेलचे काम वेगळ्या वाटेने चालते. एक प्लेटलेट दुसरीला ज्या खुणेने बोलावते, ती खूण घेणारे दारच ती बंद करते. मात्र पोटात गेलेली गोळी जशीच्या तशी उपयोगी नसते, यकृतातील एका विकरामुळे ती कामाची होते. काही माणसांत हे विकर जन्मतःच दुबळे असते, आणि आपल्या देशात अशांचे प्रमाण बरेच आहे. म्हणूनच काही रुग्णांना डॉक्टर टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल देतात. मग मोठ्या प्लेटलेटच्या माणसाला गोळी कमी लागू पडते काय? काही अभ्यासांत तसे दिसले, काहींत दिसले नाही. तरुण, मोठ्या प्लेटलेट जास्त असतील तर गोळीचा जोर थोडा कमी पडतो, हे पटण्यासारखे आहे. पण केवळ एमपीव्हीचा आकडा बघून गोळी बदला, वाढवा वा सोडा, असा नियम डॉक्टरांच्या कोणत्याही मान्य मार्गदर्शिकेत नाही. तो आकडा यंत्र आपसूक छापते, म्हणून तो रिपोर्टवर असतो.

स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली धातूची जाळी. तिच्यावर शरीराचा स्वतःचा थर चढेपर्यंत प्लेटलेट तिला परकी समजून चिकटायला बघतात. २००५ मध्ये जर्मनी आणि इटलीतील २,२२९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांत २९ जणांच्या स्टेंटमध्ये गुठळी झाली, आणि त्यातील १३ दगावले. सर्वांत मोठे कारण होते, गोळ्या मुदतीआधी सोडणे. त्यानंतर स्टेंट सुधारले आहेत, पण गोळी सोडण्याचा धोका संपलेला नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटच्या किमतीवर २९,६०० रुपयांची मर्यादा घातली, गरिबांसाठी योजनाही आल्या, त्यामुळे आपल्या माणसांपर्यंत स्टेंट पोहोचला. पुढची गोळी मात्र घरातल्या घरात चुकते, कधी पैशाने, कधी आळसाने, कधी आमच्यासारख्याच्या सल्ल्याने.

वहिनींनी तेवढ्यात बाईंना विचारून घेतले, "मी बी एक घेऊ काय रोज, झटका येऊ नये म्हणून?" बाई म्हणाल्या, अजिबात नाही. ज्यांना झटका आलेला नाही त्यांनी आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नये. २०१८ मध्ये मधुमेहाच्या पंधरा हजारांवर रुग्णांत आणि एकोणीस हजारांवर वृद्धांत ती देऊन पाहिली, तेव्हा जो काही फायदा होता तो पोटातील व इतर रक्तस्रावाने खाऊन टाकला. शेतातून आल्यावर गुडघे दुखतात म्हणून आयब्युप्रोफेनच्या गोळ्या दुकानातून आणून खाण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती अ‍ॅस्पिरिनच्या वाटेत आडवी येते, आणि दोन्ही मिळून पोटात जखम करतात. पित्तासाठी ओमेप्राझोल घेतली तर क्लोपिडोग्रेलचा जोर उतरतो. डॉक्टर वेगळी देतात. दात काढायचा असेल तर दाताच्या डॉक्टरला स्टेंट असल्याचे सांगावे, आधीच गोळी सोडून जाऊ नये.

आणि आजऱ्यासारख्या भागासाठी एक महत्त्वाचे. स्टेंटच्या रुग्णाला पावसाळ्यात ताप आला, तर गोळी मुकाट्याने चालू ठेवणेही बरोबर नाही आणि मनाने बंद करणेही नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, गोळ्यांचा कागद दाखवावा, प्लेटलेट मोजून घ्याव्यात आणि ते सांगतील तसे करावे. तापावर पॅरासिटामॉलखेरीज दुसरे काही घेऊ नये. काळी शौचास, लघवीतून रक्त, उलटीत रक्त, अचानक तीव्र डोकेदुखी, यांपैकी काही दिसल्यास थांबू नये.

आप्पा आता बरे आहेत. आम्ही त्यांच्यापुढे हात जोडले, तेव्हा ते म्हणाले, "तू काय मुद्दाम केलास? पर बाबा, म्हाईत न्हाई म्हणायला काय पैसं पडत न्हाईत." वहिनींनी दिनदर्शिकेवर रोज रात्री गोळी दिल्यावर फुली मारायला सुरुवात केली आहे. दिवाळीनंतर आम्ही गेलो तेव्हा एकही चौकोन मोकळा दिसला नाही. कोल्हापुरात तपासणी झाली, रक्त तिथेच काढून तासाभरात तपासले. एमपीव्ही आला १०.४.

आप्पांनी रिपोर्ट डोळ्यांजवळ धरला आणि बाईंना विचारले, "बाई, आता पेशी बारीक झाल्या. मग एक गोळी कमी करायची काय?"

बाई रिपोर्ट घडी करीत म्हणाल्या, "फेब्रुवारीत या. तेव्हा बघू."